शाहपूरची जागा कुठे गेली?

बुऱ्हाणपूरहून इच्छापूरच्या रस्त्याला लागले की तापीकाठची केळी सुरू होते आणि त्या केळीतच शाहपूर येते. इथल्या कितीतरी घरांत मराठी बोलतात, आणि सोयरिकी रावेर-मुक्ताईनगरकडे जुळतात. मध्य प्रदेश विधानसभेच्या 2003 सालच्या निवडणुकीपर्यंत या गावाच्या नावाचा स्वतंत्र मतदारसंघ होता. पुढे खंडव्याचे अनेकदा खासदार झालेले नंदकुमारसिंह चौहान 1996 पूर्वी इथूनच आमदार होते. 2008 ची निवडणूक आली तेव्हा शाहपूर नावाची जागाच उरली नव्हती. गाव आणि माणसे तिथेच होती, बागाही होत्या. फक्त त्यांच्याभोवतीची रेघ पुसून दुसरीकडे मारली गेली होती.

ती पुसली कोणी आणि का? या प्रश्नाला बुऱ्हाणपुरात दोन उत्तरे ऐकू येतात. एक म्हणते, राजकारण झाले. दुसरे म्हणते, लोकसंख्येचा नियम होता. मला या दोहोंपेक्षा त्या वेळचा भागाकार जास्त बोलका वाटतो, म्हणून आधी तो मांडतो.

2001 च्या जनगणनेत मध्य प्रदेशची लोकसंख्या सुमारे 6 कोटी 3 लाख होती आणि विधानसभेच्या जागा 230. म्हणजे एका जागेमागे सरासरी 2 लाख 62 हजार माणसे. जागा आधी जिल्ह्यांना वाटायच्या आणि मग जिल्ह्याच्या आत रेघा मारायच्या, असे मतदारसंघांच्या हद्दी ठरवणाऱ्या परिसीमन आयोगाचे धोरण होते. बुऱ्हाणपूर जिल्ह्याच्या हद्दीतली लोकसंख्या सुमारे 6 लाख 35 हजार. भाग दिला तर 2.42 येतात. जागा पूर्णांकातच देता येते, म्हणून दोन. तोवरच्या शाहपूर, नेपानगर आणि बुऱ्हाणपूर या तीन जागांपैकी एक नाव जाणारच होते.

पण हा हिशेब इथे संपत नाही. बुऱ्हाणपूर जिल्हा जन्मला तो 15 ऑगस्ट 2003 रोजी, पूर्व निमाड जिल्ह्यातून वेगळा होऊन. त्याआधी खंडवा आणि बुऱ्हाणपूर एकच जिल्हा होते आणि त्या जिल्ह्यात सात जागा होत्या. दोन्हीकडची लोकसंख्या मिळून 17 लाख 13 हजार. याच सरासरीने भागले तर 6.53 येतात, म्हणजे जवळच्या पूर्णांकाने सात. जिल्हा फुटल्यावर खंडव्याच्या वाट्याला 4.11 आले, त्याचे चार झाले. बुऱ्हाणपूरच्या 2.42 चे दोन झाले. चार आणि दोन सहा. एका बाजूचे 0.11 आणि दुसऱ्या बाजूचे 0.42 असे दोन तुकडे गळाले आणि निमाडची एक जागा गेली. नवा जिल्हा मिळाला म्हणून ज्या गावांनी आनंद केला, त्याच गावांचा आमदार त्या जिल्ह्याच्या हद्दीने नेला. राज्यभरचे वाटप जुळवताना आयोगाला इकडेतिकडे करावे लागत असणार, त्यामुळे जिल्हा अखंड असता तर सातवी जागा टिकलीच असती असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण रेघ मारणारा हात स्वच्छ असला तरी रेघेचा परिणाम तटस्थ नसतो, एवढे या भागाकारावरून नक्की दिसते.

हात स्वच्छ नसेल तर काय होते, ते आता पाहू.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात 1812 साली गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या काळात त्यांच्या पक्षाने सिनेटचे मतदारसंघ असे वेडेवाकडे आखले, की एकाचा आकार सॅलॅमँडर या सरड्यासारख्या दिसणाऱ्या प्राण्यासारखा भासू लागला. बॉस्टनच्या वर्तमानपत्राने त्याचे व्यंगचित्र छापले आणि गेरी आणि सॅलॅमँडर यांवरून ‘जेरीमँडरिंग’ हा शब्द जगभर गेला. त्यामागची युक्ती मात्र आकारात नसते, ती बेरजेत असते.

ती एका काल्पनिक शहरात करून पाहा. शहरात 25 गल्ल्या आहेत, सगळ्यांची मते सारखी. 10 गल्ल्या ‘अ’ पक्षाच्या, 15 ‘ब’ पक्षाच्या. पाच-पाच गल्ल्यांचे पाच वॉर्ड करायचे आहेत. ‘अ’च्या दहा गल्ल्या प्रत्येक वॉर्डात दोन-दोन टाकल्या, तर ‘अ’ला एकही वॉर्ड मिळत नाही. त्यांच्या पाच गल्ल्या एकाच वॉर्डात कोंबल्या आणि उरलेल्या दोन, दोन, एक अशा पसरल्या, तर त्यांना एक वॉर्ड मिळतो. दोन वॉर्ड निव्वळ त्यांच्याच गल्ल्यांचे केले, तर दोन. आणि रेघ ‘अ’च्याच माणसाच्या हाती असेल, तर तो तीन वॉर्डांत तीन-तीन गल्ल्या ठेवेल, दहावी गल्ली कुठेही टाकेल आणि चाळीस टक्के मतांवर पाचपैकी तीन वॉर्ड जिंकेल. एकाही मतदाराने मत बदललेले नाही, बोगस मतदान नाही, यंत्रात काही नाही. तरी निकाल शून्यापासून तीनपर्यंत कुठेही नेता येतो. एखाद्या समाजाची मते थोडीथोडी पसरून पातळ करणे आणि ती एका ठिकाणी कोंबून बाकीकडे निकामी करणे, एवढ्या दोन हालचालींत सगळे काम होते.

अमेरिकेत हे उघड चालते, कारण तिथल्या बहुतेक राज्यांत मतदारसंघ आखण्याचा अधिकार विधिमंडळाकडे, म्हणजे बहुमतातल्या पक्षाकडेच आहे. पक्षीय हेतूने केलेली आखणी तपासणे केंद्रीय न्यायालयांचे काम नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला. 2025 मध्ये टेक्सासने जनगणनेची वाट न पाहता मधेच नकाशा बदलला. रिपब्लिकन पक्षाच्या पाच जागा वाढवणे हा हेतू लपवलेलाही नव्हता. उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबर 2025 मध्ये कौल देऊन आपल्या राज्यातला नकाशा डेमोक्रॅटांच्या बाजूने बदलू दिला. तुम्ही अन्याय केलात म्हणून आम्हीही करतो, असा हा खेळ झाला. मतदारांना त्यात उतरावे लागले याचे मला वाईट वाटते.

आपल्याकडे लोकसभा आणि विधानसभेच्या आखणीत ही सोय सरकारला दिलेली नाही, आणि ती न देणे हा घटनाकारांच्या पिढीचा मोठा शहाणपणा होता. 1952, 1962, 1972 आणि 2002 अशा चार कायद्यांनी चार आयोग नेमले गेले. शेवटच्याचे अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग होते. त्यांच्यासोबत निवडणूक आयोगाचे प्रतिनिधी आणि त्या त्या राज्याचे निवडणूक आयुक्त बसत. प्रत्येक राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून असत, पण त्यांना मत नव्हते आणि अंतिम आदेशावर त्यांची सहीही लागत नसे. ते बोलू शकत, वेगळा प्रस्ताव देऊ शकत, तो छापूनही येई. निर्णय मात्र आयोगाचा. मतदारसंघ भूगोलाने सलग असावा, डोंगर-नद्या, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी, असे 2002 च्या कायद्याचे नववे कलम सांगते. अनुसूचित जमातींच्या जागा जिथे त्यांचे प्रमाण सर्वाधिक तिथे द्यायच्या. अनुसूचित जातींच्या मात्र राज्याच्या वेगवेगळ्या भागांत पसरून द्यायच्या.

या नियमांनी बुऱ्हाणपूरचे काय केले ते पाहू. जिल्ह्यात आदिवासींचे प्रमाण साधारण तीस टक्के. खकनार-देडतलाईकडची कोरकू गावे, धूळकोटकडचे बारेला पाडे आणि कागद कारखान्याची नेपानगर वसाहत यांचा मिळून नेपानगर मतदारसंघ झाला आणि तो अनुसूचित जमातींसाठी राखीव झाला. शाहपूर आणि तापीकाठची गावे बुऱ्हाणपूर शहराला जोडली गेली. दाट वस्तीचे, यंत्रमागांचे, मुस्लिम विणकरांचे जुने शहर आणि मराठी बोलणारा केळीपट्टा आता एकाच आमदाराला मत देतात.

याचे धक्के लगेच दिसले. 2003 मध्ये नेपानगरमधून निवडून आलेल्या अर्चना चिटणीस यांची जागा राखीव झाली. 2008 मध्ये त्या बुऱ्हाणपुरातून उभ्या राहिल्या आणि जिंकल्या. नेपानगरमधून भाजपचे राजेंद्र दादू आमदार झाले. तिकडे खरगोन लोकसभा जमातींसाठी राखीव झाल्याने 2007 च्या पोटनिवडणुकीत तिथून जिंकलेले अरुण यादव 2009 मध्ये खंडव्यात आले आणि नंदकुमारसिंह चौहानांना त्यांनी हरवले. खंडवा लोकसभेचा नकाशाही पाहण्यासारखा आहे. आठ विधानसभा आणि चार जिल्हे. एका टोकाला तापीकाठचे बुऱ्हाणपूर, दुसऱ्या टोकाला नर्मदेपलीकडचे देवास जिल्ह्यातले बागली. मधे सातपुडा. हद्दीपलीकडे महाराष्ट्रात त्याच वेळी एरंडोल लोकसभा जाऊन रावेर लोकसभा आली आणि बुलडाण्याचे मलकापूर जळगावच्या पाच जागांना जोडले गेले. विदर्भाच्या विधानसभा जागा 66 वरून 62 झाल्या. शहरे वाढली तिकडे जागा सरकल्या.

मतदारांमध्ये यावर वाद आहे, आणि दोन्ही बाजूंना वजन आहे. शाहपूर भागातला शेतकरी म्हणतो, आमचे प्रश्न केळीच्या भावाचे, पीक विम्याचे आणि विजेचे. आमदाराला शहरातच इतकी मते आहेत की तो आधी तिकडे पाहतो. शहरातला विणकर नेमके उलट म्हणतो, गावांची मते जोडल्यामुळे आमचा माणूस निवडून येणे अवघड झाले. नेपानगर वसाहतीतल्या बिगर आदिवासी मतदाराची तक्रार आहे की त्याला स्वतःच्या गावातून आमदारकीला उभेच राहता येत नाही. कोरकू मतदाराचे त्यावरचे उत्तर मला निरुत्तर करणारे वाटते: इतकी वर्षे जागा खुली होती, तेव्हा आमच्यातले किती जण उभे राहिले आणि किती निवडून आले?

मात्र निकालाचे सगळे खापर रेघेवर फोडता येत नाही. 2018 मध्ये याच नव्या बुऱ्हाणपुरातून ठाकूर सुरेंद्रसिंह ‘शेरा’ अपक्ष म्हणून जिंकले. 2023 मध्ये चिटणीस परत आल्या, तेव्हा एमआयएमचा उमेदवार आणि भाजपचे बंडखोर हर्षवर्धनसिंह चौहान, म्हणजे नंदकुमारसिंहांचे चिरंजीव, या दोघांनीही तीस हजारांहून जास्त मते घेतली. मतविभागणी, बंडखोरी, उमेदवाराचा स्वभाव यांचा हिशेब नकाशात मावत नाही.

राखीव जागांचा प्रश्न थोडा अधिक नाजूक आहे. मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने 2006 च्या अहवालात दाखवले की काही राज्यांत मुस्लिम वस्ती मोठी असलेल्या जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत, आणि त्याहून जास्त दलित वस्ती असलेल्या जागा खुल्या आहेत. 2023 मध्ये आसामची आखणी झाली तेव्हा हीच तक्रार पुन्हा जोरात उठली. 2022 मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये जम्मूला सहा आणि काश्मीरला एक जागा वाढवून मिळाली, तिथेही लोकसंख्येपेक्षा वेगळे निकष लावल्याचा वाद झाला. स्वतंत्र आयोग असला म्हणजे संशय संपतो असे नाही.

आणि संशय असला तर कोर्टात जाऊ, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर मध्य प्रदेशातूनच मिळाले आहे. 1964 मध्ये उज्जैन लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. उज्जैनचे मेघराज कोठारी यांनी आव्हान दिले की यामुळे आपल्या शहरातून उभे राहण्याचा आपला हक्क गेला. 1966 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की राजपत्रात आलेल्या परिसीमनाच्या आदेशाला कायद्याचेच बळ आहे आणि घटनेच्या 329 व्या कलमामुळे न्यायालयात त्यावर प्रश्न उभा करता येत नाही. नाहीतर प्रत्येक निवडणूक खटल्यात अडकेल. पुढे जवळपास साठ वर्षे हा दरवाजा बंद राहिला. 2024 मध्ये गुजरातच्या बारडोलीच्या आरक्षणाच्या प्रकरणात न्यायालयाने तो किंचित किलकिला केला: आदेश उघडच मनमानी असेल आणि घटनेच्या मूल्यांशी जुळत नसेल तर तपासता येईल. पण हा मार्ग अरुंद आहे. मसुदा प्रसिद्ध होऊन अंतिम आदेश निघेपर्यंतचे जे थोडे आठवडे असतात, तीच मतदाराची खरी वेळ.

आता वॉर्डाकडे येऊ, कारण आपल्या देशात सोयीची आखणी सर्वांत सहज होते ती इथे. मध्य प्रदेशात महानगरपालिकेचे वॉर्ड किती आणि त्यांची हद्द कोणती, हे ठरवण्याचा अधिकार 1956 च्या महानगरपालिका कायद्याने राज्य सरकारला दिला आहे. लोकसंख्या शक्य तितकी सारखी आणि क्षेत्र सलग हवे, एवढी अट आहे. बुऱ्हाणपूरचे 48 वॉर्ड अशाच आखणीतून आले. त्यांची अधिसूचना वाचायला बसले की पहिल्यांदा कंटाळा येतो: उत्तरेला अमुक नाला, पूर्वेला तमुक रस्ता, मग एखाद्या चौकापासून एखाद्या मशिदीपर्यंत उजव्या हाताची घरे. पण शनवारा, इतवारा, राजपुरा, लोहारमंडी अशा वेशींच्या आतल्या शहरात, जिथे गल्लीच्या एका हाताला एक समाज आणि दुसऱ्या हाताला दुसरा राहतो, तिथे ‘उजव्या हाताची घरे’ या तीन शब्दांत नगरसेवक ठरू शकतो. गल्ली मधोमध चिरली की नळाची तक्रार कोणाकडे न्यायची हेसुद्धा शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वेगळे होते.

सरकार बदलले की रेघा बदलतात, हे मध्य प्रदेशाने अलीकडेच पाहिले. कमलनाथ सरकारच्या काळात 2019 मध्ये पंचायतींची नवी आखणी झाली. नोव्हेंबर 2021 मध्ये शिवराजसिंह चौहान सरकारने अध्यादेश काढून ती रद्द केली आणि जुनी हद्द परत आणली. ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, डिसेंबरच्या शेवटी अध्यादेश मागे घेतला गेला आणि जाहीर झालेल्या निवडणुका रद्द झाल्या. त्या अखेर जून-जुलै 2022 मध्ये पार पडल्या. महाराष्ट्रात याहून वेगळे घडले नाही. मुंबईचे 227 प्रभाग महाविकास आघाडीने 236 केले, ऑगस्ट 2022 मध्ये शिंदे सरकारने पुन्हा 227 केले. इतर महापालिकांत चार सदस्यांचा प्रभाग तीनचा झाला आणि पुन्हा चारचा. मार्च 2022 मध्ये प्रभागरचनेचा अधिकारच राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारने स्वतःकडे घेतला. या ओढाताणीत आणि आरक्षणाच्या खटल्यांत कित्येक शहरे वर्षानुवर्षे प्रशासकाच्या हाती राहिली, आणि मुंबईची निवडणूक व्हायला जानेवारी 2026 उजाडला. सत्तेत कोणीही असो, हा अधिकार सरकारकडे ठेवणे मला चुकीचे वाटते. ज्याला निवडणूक लढवायची आहे त्याने मैदानाची हद्द आखू नये.

रेघ किती मोलाची असते हे जिथे रेघच नसते तिथे जास्त कळते. महापौर नगरसेवकांनी निवडावा, असा बदल मध्य प्रदेशात 2019 मध्ये झाला होता. 2022 च्या निवडणुकीआधी तो फिरवून महापौरपद पुन्हा थेट मतदानाने आले. त्यामुळे बुऱ्हाणपूरचे सगळे 48 वॉर्ड एकच मतदारसंघ झाले. भाजपच्या माधुरी पटेल काँग्रेसच्या शहनाज अन्सारी यांच्यापेक्षा फक्त 542 मतांनी पुढे राहिल्या, आणि एमआयएमच्या उमेदवाराला दहा हजारांवर मते पडली. अख्खे शहर काठावर दुभंगलेले होते. महापौर नगरसेवकांनी निवडायचा असता, तर या 542 ची जागा वॉर्डांच्या हद्दींनी घेतली असती, आणि त्या हद्दी भोपाळमधल्या अधिसूचनेने ठरल्या असत्या.

पुढचा मोठा नकाशा दूर नाही. 1976 मध्ये राज्यांना मिळणाऱ्या जागांची संख्या गोठवली गेली आणि ही गोठवणूक 2001 च्या घटनादुरुस्तीने 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली होती. जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 ठरली आहे. महिलांच्या एक तृतीयांश जागाही 2023 च्या दुरुस्तीने याच आखणीला जोडल्या आहेत. दक्षिणेची राज्ये लोकसभेतला वाटा घटण्याच्या भीतीने बोलत आहेत, आणि ती भीती खरी आहे. पण बुऱ्हाणपूरचा प्रश्न लहान आणि मोजता येण्याजोगा आहे. 2011 च्या आकड्यांनी जिल्ह्याची लोकसंख्या 7 लाख 58 हजार, राज्याची 7 कोटी 26 लाख. 230 जागा धरल्या तर बुऱ्हाणपूरचा वाटा 2.40, म्हणजे पुन्हा दोनच. विधानसभेच्या जागा 240 च्या वर गेल्या तर तो अडीचच्या पुढे सरकतो आणि तिसरी जागा आवाक्यात येते. ती आली तर तिचे नाव काय असेल, तापीकाठची गावे पुन्हा एकत्र येतील का, की शहर मधोमध चिरून दोन्ही तुकड्यांना गावे जोडली जातील, हे सगळे त्या मसुद्यात असेल.

तो मसुदा राजपत्रात येईल आणि निदान दोन वर्तमानपत्रांत छापला जाईल. हरकती लेखी द्याव्या लागतील, जाहीर सुनावणी होईल. अशा सुनावणीत ‘आमच्यावर अन्याय झाला’ हे वाक्य फार लांब जात नाही. आयोगाला नवव्या कलमातल्या गोष्टी ऐकायच्या असतात: अमुक गावांना जोडणारा रस्ता कोणता, पावसाळ्यात मधली नदी ओलांडता येते का, तहसील एक आहे की दोन, पटवारी हलका तुटतो का, पर्यायी हद्दीने लोकसंख्या सरासरीच्या दहा टक्क्यांच्या आत बसते का. गेल्या वेळी आयोगाने फरकाची मर्यादा तेवढीच ठेवली होती. शाहपूर, इच्छापूर आणि आसपासच्या गावांची लोकसंख्या जनगणनेच्या गावनिहाय तक्त्यात मिळते. ग्रामपंचायतींनी एकत्र बसून ती बेरीज आतापासून करून ठेवली, सोबत नकाशा जोडला, तर हरकत द्यायला त्यांना मसुद्यानंतर दोन संध्याकाळी पुरतील.